साहेबाचं घड्याळ कोणतं? युके शिफ्ट, युएस शिफ्ट आणि आपलं मावळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना मी मधे मधे भरकटते, ते जरा आवरलंय. बाकी भाषा जशी बोलले तशीच ठेवली आहे.

या भागाचं निमित्त म्हणजे एक फोन. माझी मावसबहीण कामशेतला राहते. इंजिनिअरिंग झालं, दीड वर्ष एका छोट्या कंपनीत काढलं आणि आता तिच्या हातात हिंजवडीतल्या दोन नोकऱ्या आहेत. एका ठिकाणी इंग्लंडच्या ग्राहकाचं काम, म्हणजे युके शिफ्ट. दुसरीकडे अमेरिकेचं काम, युएस शिफ्ट. दुसरीकडे पगार जास्त, वर नाइट अलाउन्स. तिने रात्री साडेनऊला फोन केला आणि पहिलं वाक्य टाकलं, "ताई, युके घेऊ की युएस? आई म्हणते युके घे, दिवसाची असते."

मी म्हटलं, "मावशीला सांग, युके शिफ्ट दिवसाची नसते. आणि तू जरा थांब. उद्या सविस्तर बोलू."

सविस्तर बोलायचं कारण असं की मी दोन्ही केल्यात. साडेतीन वर्षं युके, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं युएस. माहेर लोणावळ्याचं, सासर तळेगावचं. त्यामुळे दुपारची लोकलही माहीत आहे आणि पहाटे चारची कॅबही. तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी "शिफ्टला" जातं, अशी घरं आपल्याकडे आता गल्लीगल्लीत आहेत.

आधी साधं गणित

आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. हिवाळ्यात इंग्लंडचं घड्याळ ग्रीनिचवरच असतं. म्हणजे लंडनच्या ऑफिसात सकाळचे ९ वाजले की आपल्याकडे दुपारचे अडीच. त्यांचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे नेतात. तेव्हा त्यांचे ९ म्हणजे आपला दीड आणि ५ म्हणजे रात्रीचे साडेनऊ.

आता अमेरिका. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास. म्हणजे न्यूयॉर्कचं ९ ते ५ हे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन. उन्हाळ्यात साडेसहा ते अडीच.

पण "अमेरिकेचं काम" म्हणजे न्यूयॉर्कचंच असं काही नाही. शिकागो आणखी एक तास मागे. कॅलिफोर्निया न्यूयॉर्कपेक्षा तीन तास मागे. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल तर त्याचे सकाळचे ९ हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि त्याचे ५ म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. मग ती युएस शिफ्ट सरळ सरळ रात्रपाळी झाली. तळेगावात फर्स्ट, सेकंड, थर्ड म्हणतात ना, त्यातली थर्ड.

तेव्हा पहिला मुद्दा लिहून ठेवा: नुसतं "युएस शिफ्ट" म्हणणं म्हणजे "गाडी मुंबईकडे जाते" म्हणण्यासारखं आहे. कर्जतला थांबते का, ते विचारायलाच हवं.

मार्चमधला तो सोमवार

घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत दोन्ही देशांत आहे, पण तारखा वेगळ्या. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २००७ पासून त्यांचं हेच वेळापत्रक आहे. इंग्लंड मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.

२०२५ चं उदाहरण घेऊ. अमेरिकेने ९ मार्चला घड्याळ पुढे केलं, इंग्लंडने ३० मार्चला. मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चारच तासांचा होता. परत येताना इंग्लंड २६ ऑक्टोबरला मागे आलं आणि अमेरिका २ नोव्हेंबरला. तो पुन्हा एक आठवडा गोंधळाचा. तीन देशांची माणसं एका कॉलवर असली की या चार आठवड्यांत कुणीतरी चुकतंच.

मी चुकले ती अशीच. युएसच्या कामावर माझा पहिलाच मार्च. रोजची मीटिंग न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला, म्हणजे आमच्या साडेसातला. मी मोबाइलवर सव्वासातचा गजर लावून ठेवलेला, शिवाय फ्रिजवर कागद चिकटवलेला. त्या सोमवारी घरून काम होतं. सव्वासातला लॅपटॉप उघडला तर मीटिंग साडेसहालाच सुरू होऊन संपलेली. कॅलेंडरने वेळ आपोआप बदलली होती, पण मी कॅलेंडर बघतच नव्हते, फ्रिज बघत होते. चूक माझीच. तेव्हापासून मार्च लागला की दोन्ही रविवारांवर मी पेनाने गोल करते. पंचांगात संकष्टी बघतो तसं.

घड्याळाचा घोळ आपल्याला नवा नाही

माझे बाबा रेल्वेत होते, लोणावळ्याला. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, ते सगळं मी लहानपणापासून पाहिलंय. बोरघाटाची ही चढण १८६३ साली सुरू झाली आणि मुंबई-पुणे रेल्वेने सलग जोडले गेले. तोपर्यंत मावळात वेळ म्हणजे दिवस उगवला, माथ्यावर आला, मावळला. मिनिटांचा हिशोब आला तो गाडीबरोबर.

आणि तेव्हाही घड्याळं दोन होती बरं का. मुंबई शहराची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी साडेपाच तासांची एकच वेळ ठरली. ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. तरी मुंबईत जुनी वेळ रेंगाळली, ती थेट १९५५ पर्यंत. म्हणजे आपल्या पणज्यानेही "शहराचे की रेल्वेचे?" असं विचारूनच स्टेशन गाठलं असणार. आज आपण "तिकडचे की इकडचे?" विचारतो, एवढाच फरक.

दोन्हीकडे "नऊ ते पाच", मग फरक कुठे?

इथे बरेच जण फसतात. इंग्रज काय नि अमेरिकन काय, दोघंही ऑफिसचे तास "नाइन टू फाइव्ह" असेच सांगतात. खरी गोष्ट त्याच्या खाली आहे.

इंग्लंडमध्ये ऑफिसच्या नोकरीचा करार बहुधा आठवड्याला ३५ किंवा साडेसदतीस तासांचा असतो. ९ ते साडेपाच, मधे जेवणाचा एक तास, आणि तो तास पगारात धरत नाहीत. अमेरिकेत हिशोब ४० तासांचा. जेवणाचा तास वेगळा काढला तर दिवस ८ ते ५ होतो. म्हणून अमेरिकन ऑफिसं सकाळी लवकर भरलेली दिसतात.

हा ४० चा आकडा आला कुठून? फोर्डने १९२६ साली आपल्या मोटार कारखान्यांत पाच दिवसांचा, ४० तासांचा आठवडा लागू केला, हे प्रसिद्धच आहे. कायदा आला १९३८ साली, फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट. सुरुवातीला ४४ तास, मग कमी करत १९४० मध्ये ४०. त्यापुढे काम केलं तर दीडपट मजुरी. पण यात एक मोठी खिडकी उघडी आहे. ठरावीक पगारावरचे व्यवस्थापक, तज्ज्ञ, अशा लोकांना हा ओव्हरटाइम लागूच होत नाही. आपण ज्यांच्याशी रात्री बोलतो ते बहुतेक याच गटातले. त्यांचे ५ वाजले म्हणून काम थांबत नाही.

इंग्लंडमध्ये १९९८ चे कामाच्या वेळेचे नियम आहेत. आठवड्याला सरासरी ४८ तासांच्या वर काम नाही, आणि ही सरासरी साधारण १७ आठवड्यांची धरतात. कर्मचाऱ्याने लेखी संमती दिली तर तो यातून बाहेर पडू शकतो, आणि अनेक जण पडतात. लंडनच्या बँकांत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात ते उगाच नाही. पण एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत ११ तास विश्रांती, सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर मधे २० मिनिटं सुट्टी, हे नियमात लिहिलेलं आहे.

सगळ्यात मोठी दरी आहे ती रजेची. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजे २८ दिवस, पगारी रजा कायद्यानेच मिळते. इंग्लंड-वेल्समधल्या वर्षाच्या आठ बँक हॉलिडे त्यात धरायची मुभा मालकाला आहे. अमेरिकेत खाजगी नोकरीतल्या माणसाला पगारी रजा द्यायलाच हवी, असा देशभराचा एकही कायदा नाही. ११ सरकारी सुट्ट्या आहेत, पण त्या खाजगी कंपनीवर बंधनकारक नाहीत. रजा मिळते ती कंपनीच्या मर्जीने किंवा करारानुसार.

याचा परिणाम वर्षाच्या बेरजेत दिसतो. ओईसीडी या संघटनेच्या अलीकडच्या आकड्यांत अमेरिकन कामगाराचे वर्षाचे सरासरी तास १८०० च्या आसपास आहेत आणि ब्रिटिश कामगाराचे १५०० च्या थोडे वर. ब्रिटनमध्ये अर्धवेळ काम करणारे बरेच आहेत, त्याचाही यात वाटा आहे. पण तरीही फरक सुमारे ३०० तासांचा. ४० तासांच्या आठवड्याने भागलं तर साडेसात आठवडे!

प्रत्यक्षात हे कसं जाणवतं

आता माझा अनुभव. सगळे इंग्रज असे नि सगळे अमेरिकन तसे, असं मी म्हणत नाहीये. मला जे भेटले त्यांच्याबद्दल बोलते.

युकेच्या कामावर असताना त्यांचे पाच-साडेपाच वाजले की समोरचा दिवा मालवल्यासारखं व्हायचं. सव्वापाचला प्रश्न पाठवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी. आधी मला राग यायचा. नंतर कळलं की उत्तर हवं असेल तर त्यांच्या दुपारी तीनच्या आत विचारायचं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या साडेसातच्या आत. ऑगस्टमध्ये अर्धी टीम रजेवर. रजेवरचा माणूस खरंच रजेवर असायचा.

त्यांची वेळ सांगण्याची एक गंमतही आहे. "हाफ नाइन" म्हणाले की मी नवीन असताना गोंधळायचे. साडेआठ की साडेनऊ? ते साडेनऊच. आपल्या "साडे"सारखंच. अमेरिकन माणूस असं बोलत नाही, तो "नाइन थर्टी" म्हणतो. तारखेचंही तसंच. ५/४ म्हणजे इंग्रजाचा ५ एप्रिल आणि अमेरिकन माणसाचा ४ मे. महिन्याचं नाव अक्षरात लिहायची सवय लावून घ्या, पुष्कळ मनस्ताप वाचतो.

युएसच्या कामावर उत्तरं पटपट यायची, कधीही. आमची मॅनेजर दुपारी साडेतीनला मुलाच्या सामन्याला निघून जायची, कुणाला विचारायची नाही, मोकळेपणाने सांगून जायची. पण रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडायची. तिची रात्र म्हणजे आपली सकाळ. मी झोपून उठतेय तोवर तिचे सहा निरोप आलेले.

आणि मीटिंगची वेळ. इंग्लंडचं घड्याळ सगळ्या देशाला एकच. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच चार वेळा आहेत. पूर्वेची टीम पश्चिमेच्या टीमची वाट बघते, मग सगळ्यांना सोयीची म्हणून न्यूयॉर्कच्या दुपारी ४ ला मीटिंग ठेवतात. कॅलिफोर्नियात तेव्हा १. दोघंही खूश. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे अडीच. दुष्टपणा म्हणून नाही करत कुणी. त्यांच्या देशातल्याच वेळा सांभाळताना आपली वेळ त्यांच्या डोक्यात उरत नाही.

पण ते कायदे त्यांचे

मावसबहीण मधेच म्हणाली, "म्हणजे युके घेतलं की २८ दिवस रजा!" नाही गं बाई. हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

ग्राहक लंडनचा असला तरी तू नोकरीला आहेस पुण्याच्या कंपनीत. तुला लागू होतो तो इथला कायदा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, म्हणजे २०१७ च्या, मंजूर झाला तेव्हा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली गेली आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर. ब्रिटिश माणसाची ११ तासांची विश्रांती किंवा त्याची रजा तुझ्या कागदावर नसते. त्याच्या सवयींचा फायदा तुला मिळतो, हक्क मिळत नाही. तो साडेपाचला उठतो म्हणून तुझंही काम आपोआप आटोपतं, एवढंच.

मालक कुठला, यावरही तास ठरत नाहीत. आपल्या तळेगावातच बघा. जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी, २००८ पासून २०२० च्या अखेरपर्यंत तिने इथे गाड्या बनवल्या. जेसीबी ही ब्रिटिश कंपनी, तिचा कारखाना तळेगावजवळच. पण कारखान्यातला माणूस कामावर जातो तो इथल्याच पाळीच्या वेळेवर. यंत्र इथे आहे, माल इथे बनतो, मग घड्याळही इथलंच. आपल्यासारख्यांचं काम तारेतून जातं, म्हणून घड्याळ समोरच्याचं.

हक्क कुणी आयता दिला नाही, हेही या निमित्ताने आठवावं. आपण रविवारची सुट्टी जन्मसिद्ध असल्यासारखी घेतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली १० जून १८९० ला, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची काही वर्षांची खटपट होती. मोर्चे, अर्ज, सभा. महात्मा फुल्यांचे सहकारी, मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातले.

रात्रीचा रस्ता

आता जे बोलणार आहे ते बोलताना मला जड जातं, पण मावळात राहून हे टाळता येत नाही.

२००७ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीला तिला नेणाऱ्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंज्याजवळ नेऊन अत्याचार केला आणि मारलं. गहुंजे आपल्या तालुक्यात आहे. आज लोक ते स्टेडियममुळे ओळखतात. मी तेव्हा कॉलेजात होते. कितीतरी घरांत मुलींच्या नोकऱ्यांबद्दलची बोलणी त्या आठवड्यात थांबली. माझ्या वर्गातल्या दोघींनी आलेली नोकरी नाकारली.

म्हणून कायद्यातली ही तरतूद प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला माहीत हवी. २०१७ च्या त्याच कायद्यात म्हटलंय की स्त्री कर्मचाऱ्याने काम करायची वेळ सकाळी ७ ते रात्री साडेनऊ. त्यानंतर, सकाळी ७ पर्यंत, तिला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती हवी, पुरेसं संरक्षण हवं आणि कामाच्या ठिकाणापासून घराच्या दारापर्यंत वाहतुकीची सोय हवी. दारापर्यंत, नाक्यापर्यंत नव्हे.

आता वरचं गणित पुन्हा बघा. युके शिफ्ट हिवाळ्यात रात्री साडेदहाला संपते. म्हणजे मावशी जिला दिवसाची म्हणते ती शिफ्टही कायद्याच्या दृष्टीने रात्रीत शिरते. कॅबचा प्रश्न फक्त युएसवाल्यांचा नाही.

घर कसं बदलतं

युके शिफ्टमध्ये सकाळ आपली असते. मुलीला शाळेत सोडणं, बँक, तहसील कचेरी वडगावला, सगळं अकराच्या आत उरकायचं. संध्याकाळ मात्र पूर्ण जाते. दिवेलागण, मुलांचा अभ्यास, कुणाचं हळदीकुंकू, काही नाही. साडेतीन वर्षांत गणपतीची संध्याकाळची आरती मला फक्त सुट्टीच्या दिवशी मिळाली.

युएस शिफ्टमध्ये संध्याकाळचा एक तुकडा हाती लागतो, पण सकाळ जाते. आणि आठवडाच सरकतो. त्यांचा शुक्रवार संपतो तो आपल्या शनिवारी पहाटे साडेतीनला. शनिवार झोपेत जातो. त्या बदल्यात सोमवारी दिवसभर सुट्टी असल्यासारखं वाटतं, फक्त बाकी कुणाला ती नसते. पावसाळ्यात शनिवारी पहाटे मी कॅबमधून घरी उतरायची तेव्हा जुन्या हायवेवरून पर्यटकांच्या गाड्या गाणी लावून लोणावळ्याकडे चाललेल्या असायच्या. त्यांचा दिवस सुरू होत होता, मी पडदे लावायला निघाले होते.

झोपेचं हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावरच्या संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. याचा अर्थ रात्रपाळी केली की आजार होतोच असा नाही. पण "तरुण आहे, चालतंय" हे उत्तर अपुरं आहे.

माझं सांगते. युएसच्या तिसऱ्या वर्षी बाबा आजारी होते. मी दुपारी उठून लोणावळ्याला जायची, तासभर बसायची आणि घड्याळ बघत निघायची. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं रोस्टर कोण लावतं?" मी म्हटलं, कंपनीतला एक जण, पण तो तिकडच्यांना विचारून. तर म्हणाले, "आमचं रोस्टर कडक होतं, पण लावणारा इथेच बसायचा. जाऊन भांडता यायचं." एवढंच बोलले आणि चहा मागितला. पुढच्या महिन्यात मी शिफ्ट बदलून मागितली. मिळायला पाच महिने लागले. बाबा तेवढे थांबले नाहीत.

मग विचारायचं काय?

मावसबहिणीला मी "हे घे, ते घे" सांगितलं नाही. नोकरी तिची, रस्ता तिचा. तिला सात प्रश्न लिहून दिले. तुम्हीही घ्या.

१. ग्राहक नेमका कुठल्या शहरातला? शिफ्ट कुठल्या टाइम झोनची?
२. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमची शिफ्ट सरकते का? किती दिवस आधी कळवता?
३. शिफ्ट संपल्यावरच्या मीटिंगा आठवड्यात किती? त्याचे तास मोजता का?
४. सुट्ट्या कुठल्या कॅलेंडरच्या? दिवाळीला काम आणि थँक्सगिव्हिंगला सुट्टी, असं आहे का?
५. कॅब घराच्या दारापर्यंत येते का? माझ्या गावाचं नाव घेऊन सांगा. शेवटी उतरणारी मुलगी असेल तर गाडीत आणखी कोण असतं?
६. नाइट अलाउन्स पगारात मिसळलाय की वेगळा? शिफ्ट बदलली तर हातात किती उरतात?
७. शिफ्ट बदलून हवी असेल तर कुणाकडे जायचं, आणि साधारण किती दिवस लागतात?

सातवा प्रश्न बाबांचा आहे.

तिने दोन्हीकडे विचारलं. युएसवाल्यांकडे पैसे चांगले, बोलणंही चांगलं, पण कॅब देहूरोडपर्यंतच, "पुढचं तुम्ही बघा." पहाटे चारला देहूरोडहून कामशेतला जायला लोकल नसते, हे त्यांना माहीतच नव्हतं. युकेवाल्यांची कॅबही आधी तळेगावपर्यंतच होती. तिने कायद्यातलं ते दारापर्यंतचं वाक्य पाठवलं आणि दोघांनाही लेखी उत्तर मागितलं. युकेवाल्यांनी चार दिवसांनी कामशेतपर्यंतचं पत्र दिलं. दुसरीकडून अजून उत्तर नाही.

तिने युके घेतली. पगार महिन्याला साडेसहा हजारांनी कमी आहे आणि ते तिला टोचतंय, हे ती लपवत नाही. दोन वर्षांनी कदाचित युएसला जाईलही. पण तेव्हा काय विचारायचं ते तिला माहीत असेल.

मावशीचं मात्र समाधान झालेलं नाही. काल फोनवर म्हणाली, "रात्री साडेदहाला सुटते आणि म्हणे दिवसाची शिफ्ट!" मी म्हटलं, मावशी, मी तर आधीच सांगितलं होतं.

चला, आज इथेच थांबते. माझीही मीटिंग आहे. लंडनचे दोन वाजत आलेत.